उंचीप्रमाणे लावलेलं शहर

किल्लीबाईंच्या दुकानाला दुकान म्हणणं हा त्या शब्दाचा अपमानच होता. इमारतीचा जिना जिथे वळतो, त्या वळणाखाली उरलेल्या कोपऱ्यात त्या चाळीस वर्षं बसत होत्या. सरळ उभं राहिलं तर डोकं आपटायचं, म्हणून येणारं प्रत्येक गिऱ्हाईक वाकूनच आत यायचं. "माझ्याकडे सगळे नमस्कार करतच येतात," असं त्या सांगायच्या. किल्ली कापायचं एक मशीन, तीन कानशी, कोऱ्या किल्ल्यांचे डबे, पितळेच्या किसाने कायमची पिवळी झालेली त्यांची नखं, आणि पाठीमागच्या भिंतीवर दाराएवढी एक हिरवी फळी.

खरी गंमत त्या फळीत होती. शहरातली माणसं आपल्या घराची जादा किल्ली किल्लीबाईंकडे ठेवत. दार ओढलं गेलं, किल्ली आत राहिली, किल्ली हरवली, किल्ली गटारात पडली, नवरा किल्ली घेऊन परगावी गेला, की धावत जिन्याखाली यायचं. अशा एकशे त्रेचाळीस किल्ल्या फळीवरच्या एकशे त्रेचाळीस खिळ्यांना लटकत होत्या, आणि एकीवरही नाव नव्हतं. "किल्लीवर नाव लिहिलं की ते चोराला धाडलेलं आमंत्रण," हे त्यांच्या म्हाताऱ्या गुरूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बाईंनी ते इतकं मनावर घेतलं की वहीतही काही लिहिलं नाही. त्यांनी सगळं जागेवर ठेवलं. फळीच्या मधोमध एक लाल खिळा रिकामा होता, तो म्हणजे मोठं बसस्थानक. त्याच्या डावीकडे नदीपलीकडची घरं, उजवीकडे टेकडीवरची, वर कारखान्यांकडची, खाली बाजारातली. ती फळी म्हणजे शहराचा नकाशाच होता. पण तो नकाशा आहे, हे जगात एकट्या किल्लीबाईंना ठाऊक होतं. लोकांना वाटायचं, बाईंची स्मरणशक्ती अफाट आहे. बाईही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत कधी पडल्या नाहीत.

आता ताई. ताई म्हणजे किल्लीबाईंची थोरली बहीण, सात वर्षांनी मोठी, सगळा जन्म एका छोट्या गावात काढलेली. तिथल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं सामानाची खोली त्यांच्या ताब्यात होती. खडूचे डबे, नकाशांच्या गुंडाळ्या, शाईच्या बाटल्या, झाडू, सगळं त्या उंचीप्रमाणे लावत. मुख्याध्यापिकांना एकदा त्यांनी सगळ्या शिक्षकांनाही उंचीप्रमाणे बसवायचा सल्ला दिला होता म्हणतात. यजमान गेल्यावर घरात लावण्यासारखं फारसं काही उरलं नाही, तेव्हा ताईंनी धाकट्या बहिणीचं आयुष्य लावायला घेतलं.

निमित्तही मिळालं. गेल्या हिवाळ्यात किल्लीबाई चार दिवस तापाने फणफणल्या. दुकान बंद, खोली बंद. पाचव्या दिवशी त्या स्वतःच उठून पेज करून प्यायल्या आणि हे सगळं फोनवर ताईंना गंमत म्हणून सांगून बसल्या. ताईंना त्यात गंमत दिसली नाही. त्या सरळ बसमध्ये बसून आल्या, आणि येताना परतीची दोन तिकिटं काढूनच आल्या.

"चार दिवसांत दारावर कुणी आलं?" ताईंनी विचारलं.

"नाही."

"कुणी चौकशी केली?"

"अगं, मी कुठे राहते ते कुणाला माहीतच नाही. सगळ्यांना दुकान माहीत."

"म्हणजे चाळीस वर्षं राहून तुझं इथे कुणी नाही. गावात बघ, मी दोनदा शिंकले तर तिसऱ्या शिंकेला चार जणी दारात."

खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत पडल्यापडल्या त्यांनाही हेच वाटलं होतं. साऱ्या शहराच्या किल्ल्या आपल्याकडे, आणि आपली किल्ली कुणाकडेच नाही. हे त्या ताईंना मरेपर्यंत बोलल्या नसत्या. त्यांनी नाक वर केलं आणि म्हणाल्या, "आठ दिवस राहा. आठ दिवसांत या शहरात माझं कुणी आहे असं तुला दिसलं नाही, तर दुसऱ्या तिकिटावर मी बसते."

"शब्द?"

"शब्द."

पहिले सहा दिवस फुकट गेले. बाईंनी ताईंना पूल दाखवला, बाग दाखवली, पाच मजली वाचनालय दाखवलं. "इमारती चांगल्या आहेत," ताई म्हणाल्या, "पण तुला नमस्कार कोण करतंय?" रस्त्यात खरंच कुणी करत नव्हतं. जिन्याखाली वाकणारी माणसं रस्त्यात भेटली की ताठ असत, आणि ताठ माणसं बाईंनाही चटकन ओळखू येत नसत. सहाव्या संध्याकाळी ताईंनी धाकटीचे कपडे घडी घालून बॅगेत भरायला घेतले. मोठे खाली, लहान वर.

सातव्या दिवशी सकाळी पलीकडच्या गल्लीत एकीची किल्ली कुलपात मोडली. बाई हत्यारं घेऊन निघाल्या. "तासाभरात येते, जरा बसशील?" एवढंच त्या म्हणाल्या. फळीला हात लावू नकोस हे त्यांनी सांगितलं नाही, कारण फळीला कुणी हात लावेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

तासाभराने त्या परतल्या तेव्हा फळी लखलखत होती. खिळ्यांवरची धूळ गेली होती. आणि एकशे त्रेचाळीस किल्ल्या वरपासून खालपर्यंत, लांबीप्रमाणे, एका रेषेत, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या लटकत होत्या.

"काय गबाळ होतं गं," ताई पदराला हात पुसत म्हणाल्या. "लांब शेजारी आखूड, आखूड शेजारी लांब. आता कशा शोभतायत."

किल्लीबाई मटकन स्टुलावर बसल्या. अख्खं शहर त्यांच्या डोळ्यांसमोर उंचीप्रमाणे लावून ठेवलं होतं. नदी टेकडीवर गेली होती, कारखाने बाजारात घुसले होते, आणि बसस्थानकाच्या लाल खिळ्यावर कुणाची तरी मध्यम लांबीची किल्ली डुलत होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "तू काय केलंस ते तुला कळत नाहीये." मग त्यांनी ते सांगितलं. ताईंचा चेहरा हळूहळू उतरला. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "नावं लिहायची असतात," त्या पुटपुटल्या.

बाईंनी घाईघाईने फळी चाळली. नुसत्या दात्यांवरून ओळखू येतील अशा तीसेक निघाल्या. बाकीच्या शंभरांवर किल्ल्या कुणाच्या, हे आता फक्त त्या त्या दारांना ठाऊक. चाळीस वर्षांचं नाव एका सकाळीत धुळीबरोबर पुसलं गेलं होतं. आणि नेमका तेव्हाच एक माणूस जिन्याखाली वाकून आत आला.

तो टॉवेल गुंडाळून आला होता. वर काही नव्हतं. अर्ध्या डोक्याला साबणाचा फेस होता आणि हातात वर्तमानपत्र.

"बाई, किल्ली," तो म्हणाला. "पेपर घ्यायला दाराबाहेर आलो आणि वाऱ्याने दार लागलं. दोन गल्ल्या असाच आलोय. पाऊण तासात कामावर पोचायचंय."

ताईंनी पटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. पण बाई त्या माणसाकडे बघतच राहिल्या. फेसामुळे नव्हे. तो आवाज त्या रोज ऐकत होत्या. अख्खं शहर रोज ऐकत होतं. बसस्थानकावर "सात नंबरच्या फलाटावरची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटेल" असं ऐकताना प्रवाशांना राग येण्याऐवजी जरा बरं वाटायचं, तो हा आवाज.

"तुम्ही ते... गाड्या सांगणारे?"

"मीच. आणि मी नाही पोचलो तर आज गाड्या मुक्यानेच सुटतील. द्या ना."

"कुठली द्यायची तेच कळत नाहीये," बाई म्हणाल्या.

मग त्यांना आठवलं. निवेदकाच्या दाराला जुनं कुलूप होतं, लांब दांडीच्या किल्लीचं. त्यांनीच त्याला तेल घातलं होतं. त्यांनी फळीकडे पाहिलं. लांब दांडीच्या सगळ्या किल्ल्या वरच्या तीन ओळींत शिस्तीत उभ्या होत्या. अडतीस.

"बघितलंस?" भिंतीकडे तोंड करूनच ताई म्हणाल्या. "उंचीचा उपयोग झाला."

अडतीस किल्ल्या पिशवीत घालून वरात निघाली. पुढे टॉवेल, मागे किल्लीबाई, त्यांच्या मागे ताई, हातात निवेदकाचं वर्तमानपत्र, ज्याची त्यांनी वाटेत नीट घडी घातली. पाच मजले. चौथ्या मजल्यावर टॉवेल सुटता सुटता राहिला आणि ताईंनी पुन्हा एकदा भिंत बघून घेतली. दारापाशी पोचल्यावर बाईंनी पहिली किल्ली घातली. नाही. दुसरी. नाही. सातवीला समोरचं दार उघडलं आणि एक शिवणकाम करणाऱ्या बाई गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या अशा बाहेर आल्या. त्यांनी आधी फेसाकडे, मग पिशवीकडे पाहिलं आणि टाचण्या काढून म्हणाल्या, "माझीही आहे का यात?"

"असेल," किल्लीबाई म्हणाल्या. "आज कुणाचीही कुठेही आहे."

शिवणवाल्या बाई आतून आपली रोजची किल्ली घेऊन आल्या आणि पिशवीतल्या एकेक किल्लीशी दात्याला दाता लावून बघू लागल्या. अकराव्या किल्लीला दाते जुळले. "हीच की माझी," त्या खुशीत म्हणाल्या. निवेदक सहा वर्षं त्यांच्यासमोर राहत होता आणि दोघं आज प्रथमच बोलत होते. बोलता बोलता त्यांनी त्याला एक शिवलेला पण अजून न नेलेला अंगरखा घालायला दिला. तो कुणा पैलवानाच्या मापाचा होता. निवेदक त्यात पूर्ण मावला आणि वर बरीच जागा उरली.

एकतिसावी किल्ली ताईंनी घातली. बाईंचा हात दुखत होता म्हणून त्यांनी ती हिसकावलीच. किल्ली फिरली. कुलूप उघडल्याचा तो आवाज ऐकून ताईंच्या तोंडावर जे पसरलं, ते धाकटीने यजमान गेल्यापासून पाहिलं नव्हतं. "उघडलं!" ताई म्हणाल्या, आणि एकदा बंद करून त्यांनी ते पुन्हा उघडलं.

"बाकीच्यांचं काय?" कपडे करून, फेस धुऊन बाहेर येत निवेदकाने विचारलं.

"बाकीच्यांना कसं बोलावणार? नावं नाहीत, पत्ते नाहीत."

"मी बोलावतो," तो म्हणाला. "माझं कामच ते."

बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. "नको. गावभर होईल की बाईंनी किल्ल्यांचा घोळ घातला. लोक येतील आणि आपापली किल्ली घेऊन जातील. मग या फळीवर काय उरलं माझं?"

"नाही बोलावलं तर त्यांचं दार लागेल त्या दिवशी काय द्याल?" निवेदक म्हणाला आणि जिना उतरू लागला.

अकराला बसस्थानकाच्या सगळ्या भोंग्यांतून तो आवाज आला, आणि उजवीकडे टेकडीपासून डावीकडे पुलापलीकडपर्यंत ऐकू गेला. "ज्या नागरिकांनी आपली जादा किल्ली जिन्याखालच्या किल्लीबाईंकडे ठेवली आहे, त्यांनी आपली रोजची किल्ली घेऊन आज दुकानावर यावं. चोरी झालेली नाही. फक्त आवराआवर झाली आहे."

ताईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला.

बारापर्यंत कुणी आलं नाही. सगळ्या किल्ल्या फळीवरून उतरवून, टेबलावर पसरून बाई स्टुलावर बसून होत्या. ताई हळूच म्हणाल्या, "चल ना गं आता माझ्याबरोबर. झालं ते झालं." बाईंनी मान हलवली, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. आणि मग चौकातला वाहतूक पोलीस आला. हा माणूस कधी हसलेला कुणी पाहिला नव्हता. तो वाकला, खिशातून किल्ली काढली आणि एकेक लावून बघू लागला. त्याच्या मागे जिन्यापासून रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. बाईंनी ती मोजली नाहीत, त्यांना मोजवलीच नाहीत.

पोलिसाची किल्ली जुळली. त्याने ती हातात घेतली, एकदा उलटी, एकदा सुलटी करून पाहिली. सगळी रांग त्याच्या हाताकडे बघत होती. आता ती खिशात जाणार, असं बाईंना वाटलं, आणि त्यांनी नजर कानशीकडे वळवली.

"माझी कुठे असते?" पोलिसाने विचारलं.

"काय?"

"माझी जागा कुठली? परत लावतो."

बाईंनी बोट दाखवलं. "तिकडे. डावीकडून तिसरा, पुलाच्या पलीकडे."

"पुलाच्या?" मागून एक परिचारिका म्हणाली. रात्रपाळीनंतरची झोप मोडून ती इकडे आली होती. "म्हणजे मधला लाल खिळा बसस्थानक? अहो, हे तर आपलं शहर आहे."

मग जो गोंधळ उडाला त्याला तोड नाही. जो तो आपलं घर फळीवर शोधू लागला. "मी टेकडीवर." "मग मी तुमच्या शेजारचा खिळा, तुम्ही त्या निळ्या खिडकीच्या?" "रोज कपडे वाळत घालता ते तुम्हीच होय?" जिन्याखाली जागा चार माणसांची आणि तिथे अकरा जण वाकून उभे. सगळ्यांची डोकी आपटत होती आणि सगळे हसत होते. एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या सासू-सुना निघाल्या. दोघींनी एकाच घराची जादा किल्ली स्वतंत्रपणे ठेवली होती. आता दोन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला लावाव्या लागल्या, आणि त्यावरून त्या पहिल्यांदा बोलल्या, म्हणजे भांडल्या. रस्त्यावरच्या रांगेची जबाबदारी ताईंनी कधी घेतली ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी रांग उंचीप्रमाणे लावली. एकानेही तक्रार केली नाही. उलट एक ठेंगणा बँक कारकून खूश झाला, कारण ताईंनी लहान आधी सोडले.

कुणीतरी रांगेतून विचारलं, "बाई, तुम्ही मध्यंतरी चार दिवस कुठे होता? मी तीनदा येऊन गेलो."

"मी पण," दुसरी म्हणाली. "शेजारच्या दुकानात विचारलं. कुणाला तुमचं घर ठाऊक नाही."

"तुमची जादा किल्ली कुणाकडे असते?" शिवणवाल्या बाईंनी विचारलं.

किल्लीबाईंनी ताईंकडे पाहिलं. ताई रांगेत उभ्या एका उंच माणसाला मागे सरकवत होत्या, पण त्यांचे कान इकडेच होते. बाईंनी मशीन सुरू केलं, आपल्या खोलीची किल्ली बसवली आणि तिथल्या तिथे दुसरी कापून शिवणवाल्या बाईंच्या हातात दिली. गरम होती. त्यांनी ती टाचण्यांच्या डबीत टाकली.

चारपर्यंत फळी भरली. माघारी कुणी किल्ली नेली नाही. उलट नऊ नवीन आल्या आणि बाईंना खिळे ठोकावे लागले. फक्त एक किल्ली टेबलावर उरली. आखूड, साधी, नवीकोरी.

"ही कुणाची?" ताईंनी विचारलं. "आलंच नाही कुणी."

"आली आहे की," किल्लीबाई म्हणाल्या. "सात दिवस झाले येऊन. ती तुझी आहे."

"माझी?"

"माझ्या खोलीची. मी इथे आले तेव्हाच तुझ्यासाठी कापून ठेवली होती. कधी न कळवता आलीस आणि मी दुकानात असले तर."

ताईंनी किल्ली उचलली. "पण खोली तर तू तीनदा बदललीस. कुलूप तर परवाच बदललं म्हणालीस."

"दर वेळी तुझी नवीन कापायची. त्याला काय लागतं, पाच मिनिटं."

ताईंनी बटवा उघडला, ती किल्ली आत ठेवली, गावाकडच्या घराची जाडजूड किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"हिची एक काप," त्या म्हणाल्या. "आणि लाव इथे."

"इथे? गाव दोनशे मैलांवर आहे ताई. दार लागलं तर इथवर येणार आहेस का? तिथे कुणाकडे तरी ठेव. तिसऱ्या शिंकेला चार जणी येतात ना?"

"येतात," ताई म्हणाल्या. "येऊन काय काय बघतात ते मला विचार. सगळे ओळखीचे आहेत गं. किल्ली द्यावी असं कुणी नाही."

बाईंनी किल्ली मशीनवर चढवली. ती कापताना दोघी बहिणी पितळेच्या किसाकडे बघत बसल्या. मग फळीवर जागा शोधायची वेळ आली. शहर कडेपर्यंत भरलं होतं, आणि गाव तर शहराबाहेर. शेवटी बाईंनी फळी सोडून थेट भिंतीत, हात पोचेल तितक्या लांब एक खिळा ठोकला आणि तिथे ती लावली.

दुसऱ्या दिवशी ताई बसमध्ये बसल्या. दुसऱ्या तिकिटावर कुणीतरी अनोळखी बाई बसली होती, कारण ते तिकीट ताईंनी स्वतः खिडकीवर जाऊन परत केलं होतं. किल्लीबाई खाली उभ्या होत्या. बॅगेतून काढलेले त्यांचे कपडे घरी पलंगावर पडले होते, मोठे खाली, लहान वर.

"सामान लावून महिन्याभरात येते," ताई खिडकीतून म्हणाल्या. "तोवर ती फळी आहे तशीच राहू दे. मला समजायला लागली आहे."

तेवढ्यात भोंगा खरखरला. "तीन नंबरच्या फलाटावरची गाडी सुटत आहे. या गाडीतल्या, काल रांग लावणाऱ्या ताईंनी आपली किल्ली जवळ असल्याची खात्री करून घ्यावी. शहर त्यांची वाट बघेल."

फलाटावरची माणसं इकडे तिकडे बघू लागली. पलीकडून कुणी तरी ओळखून हात हलवला, मग आणखी एकाने. ताईंनी घाईने बटवा उघडून आत पाहिलं, मिटला, आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे वळल्या.

"माझ्याबद्दल बोलतायत," त्या म्हणाल्या.